चौसष्ट रंग आणि एक कुरकुर : गाडीच्या आतल्या कामाचा इंदूरमधला अनुभव

मर्सिडीजची २०१६ सालची सी-क्लास मी तीन वर्षांपूर्वी एका परिचितांकडून घेतली, तेव्हा तिचे इंजिन निरोगी होते आणि बाहेरचा रंगही चांगला राहिला होता. आतून मात्र तिचे वय लपत नव्हते. मधल्या कन्सोलच्या चकचकीत काळ्या पृष्ठभागावर किल्ल्यांचे आणि अंगठ्यांचे ओरखडे होते, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड घासून पांढुरकी झाली होती, स्टेअरिंगचे चामडे दोन्ही हातांच्या जागी गुळगुळीत होऊन चमकत होते, आणि मागच्या बेज सीटवर रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) पाहून कुणीतरी तसेच येऊन बसल्याची गुलाबी खूण कायमची उमटली होती. यांपैकी एकही दोष गाडी चालवण्याच्या आड येणारा नव्हता. पण राजेंद्रनगरहून पलासियाला जाता-येता रोज तासभर ज्या वस्तू डोळ्यांसमोर असतात आणि ज्यांना सतत हात लागतो, त्या धड असाव्यात असे वाटू लागले, आणि त्या वाटण्यापायी दीड वर्षात दोन दुकाने पालथी घातली.

दुकानांची नावे मी देत नाही. या धंद्यात कारागीर आज इथे तर उद्या तिथे असतो आणि तो गेला की त्याच पाटीखाली वेगळेच काम मिळते. म्हणून काय करून घेतले, कसे केले गेले आणि ते किती टिकले, एवढेच लिहिते.

पहिले दुकान रस्त्यावरचे, झगमगीत आणि घाईचे होते. तेथे कन्सोलवर कार्बन फायबरचे तयार आवरण दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवून देतो असे सांगण्यात आले, मी होकार दिला, आणि चाळीस मिनिटांत साडेसहा हजार रुपयांचे काम ‘पूर्ण’ झाले. दिसायला ते उत्तम होते. मे महिन्यात गाडी दोन दिवस उन्हात उभी राहिली आणि आवरणाची पुढची कड नखाएवढी उचलली गेली. आठवड्याभरात कपहोल्डरवरचे झाकण तिला अडकू लागले. नंतर विचार केला तेव्हा कारण माझ्या डोळ्यांसमोरच घडल्याचे लक्षात आले. दुकानातल्या मुलाने टेप लावण्यापूर्वी कन्सोल चमकण्यासाठी डॅशबोर्ड पॉलिश मारून फडक्याने पुसले होते. अशा पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असते आणि सिलिकॉनच्या थरावर कोणतीही टेप टिकत नाही. थ्री-एम कंपनीच्या व्हीएचबी या घट्ट चिकटणाऱ्या टेपसाठी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने पुसावा लागतो, आणि त्यानंतरही साधारण तापमानात तिची पकड वीस मिनिटांत निम्मी, चोवीस तासांत नव्वद टक्के आणि बहात्तर तासांनी पूर्ण होते. मला गाडी टेप लावल्यापासून दहाव्या मिनिटाला मिळाली होती. परत गेल्यावर ‘उन्हाळ्यात असे होतेच’ असे उत्तर ऐकून मी निघून आले.

दुसरी कार्यशाळा देवास नाक्याच्या बाजूला, एका गोदामाच्या मागे आहे. तिच्याविषयीच मुख्यतः लिहायचे आहे, कारण एकूण अनुभव चांगला असला तरी निर्दोष नाही. पहिल्या भेटीत तेथील अपहोल्स्ट्रीचे काम पाहणारे काका (मूळचे उज्जैनचे, आमच्यासारखेच हिंदीच्या वळणाचे मराठी बोलणारे) माझ्याशी रंगांविषयी काहीच बोलले नाहीत. त्यांनी आधी दाराच्या पॅडवर मूठ ठोकून पाहिली, कन्सोलच्या सांध्यांवरून नख फिरवले आणि विचारले, “ताई, ही याआधी कुणी उघडली होती का?” पहिल्या दुकानात काही उघडले नव्हते, फक्त वरून चिकटवले होते, हे ऐकून ते म्हणाले, “मग बरे झाले. उघडून बिघडवलेली गाडी निस्तरायला दुप्पट वेळ जातो.”

या वाक्याचा अर्थ मला पुढच्या दोन आठवड्यांत उमगला, आणि आता आतल्या सजावटीचे कोणतेही काम मी याच एका कसोटीवर तपासते. या गाड्यांचे आतले भाग कारखान्यात एकदाच बसवले जावेत अशा बेताने घडवलेले असतात. डॅशबोर्डच्या पट्ट्या, दारांचे पॅड, खांबांवरची आवरणे हे सारे थोडे स्क्रू आणि पुष्कळ प्लास्टिकच्या क्लिपा यांवर उभे असते, आणि क्लिप एकदा ओढून काढली की तिची पकड तरी जाते किंवा तिचा कान तरी मोडतो. चांगला कारागीर प्लास्टिकच्या पट्ट्यांनी योग्य जागी जोर देऊन भाग सोडवतो आणि परत बसवताना क्लिपा नव्या घालतो. घाईचा कारागीर स्क्रूड्रायव्हर खुपसतो, मोडलेल्या क्लिपेच्या जागी गोंद सोडतो, आणि गिऱ्हाईक फाटकाबाहेर पडताच दारातून कुरकुर सुरू होते. सजावटीचा भाग कोणता विकत घेतला यापेक्षा तो बसवण्यासाठी गाडी कोणी उघडली, यावर निम्म्याहून अधिक निकाल अवलंबून असतो. या कार्यशाळेत क्लिपांचा एक कप्पेदार डबा होता आणि माझ्या बिलात ‘क्लिपा, २२ नग’ अशी स्वतंत्र ओळ होती. ती ओळ पाहून मला जितका विश्वास वाटला तितका भिंतीवरच्या छायाचित्रांनी वाटला नव्हता.

कन्सोलसाठी त्यांनी तीन मार्ग सांगितले: मूळ भागच बदलून लाकडी पृष्ठभागाचा आणणे, मूळ भागावर हायड्रो-डिपिंग करणे, किंवा व्हिनाइलचे रॅपिंग. पहिला सर्वांत देखणा आणि सर्वांत महाग होता. दुसऱ्यात पाण्यावर तरंगणाऱ्या विरघळत्या फिल्मवरील नक्षी भागावर उतरवून वर पारदर्शक लाखेचा थर देतात. ते छान दिसते, पण परत मूळ रूपात येता येत नाही. मी तिसरा मार्ग निवडला. व्हिनाइलमध्येही दोन जाती आहेत, हे मला तेथेच कळले. रुळांखाली दाबून ताणलेले स्वस्त व्हिनाइल उष्णतेने पुन्हा आखडू पाहते आणि वळणांवर कडा सोडते. द्रवरूपात पसरून वाळवलेले, ज्याला बाजारात ‘कास्ट’ म्हणतात, ते ताण लक्षात ठेवत नाही आणि इंदूरच्या मेमध्येही जागचे हलत नाही. ओरखडे आधी भरून, घासून, मग गडद करड्या मॅट रंगाचे कास्ट व्हिनाइल कडांच्या आतपर्यंत दुमडून लावले. अकरा हजार रुपये. कन्सोल पूर्ण सुटा करून टेबलावर ठेवून काम केल्यामुळे कोठेही कापलेली कड दिसत नाही, आणि झाकण मूळचे असावे तसे सरकते. कार्बन फायबरची हौस मात्र माझ्या मनातून उतरली. खरे कार्बनचे विणलेले कापड आणि इपॉक्सी राळ यांपासून केलेला भाग हलका व कणखर असतो, पण कपहोल्डरभोवती त्या हलकेपणाचा उपयोग काय, आणि वरचा थर हलक्या प्रतीचा असेल तर उन्हाने काही वर्षांत पिवळा पडतो.

सीटच्या बाबतीत काकांनी मला एका मोठ्या खर्चापासून वाचवले. मी नवी कव्हरे शिवून घेण्याच्या विचारात होते. त्यांनी सीटच्या दाराकडच्या कडेवर असलेली एअरबॅगची छोटी पट्टी दाखवली. बाजूची एअरबॅग त्या शिवणीतून फुटून बाहेर येते. वर जाड कव्हर चढवले की तिचा मार्ग आणि वेळ दोन्ही बिघडतात, आणि तिला तर क्षणार्धाहून कमी वेळात काम करायचे असते. ठरावीक जागी कमकुवत शिवण ठेवून केलेली कव्हरे मिळतात, पण ती तशी शिवली गेली आहेत की नाही हे ग्राहकाला पाहून कळत नाही. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अधिक रंजक होती: माझ्या गाडीच्या सीट चामड्याच्या नाहीतच. मर्सिडीज ज्याला ‘आर्टिको’ म्हणते ते कृत्रिम चामडे आहे, आणि विकणाऱ्या गृहस्थांनी ‘लेदर इंटिरिअर’ म्हणून जे अभिमानाने सांगितले होते ते तेवढ्यापुरते खोटे होते. त्यामुळे मी दर महिन्याला चोळत असलेले महागडे लेदर कंडिशनर केवळ माझ्या समाधानासाठी होते.

घासलेली कड त्यांनी साफ करून, बारीक कागदाने घासून, लवचिक भरण घालून पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे पातळ थर दिले आणि वर मॅट पॉलियुरेथेनचे संरक्षण दिले. बेज रंग जुळवायला अख्खी दुपार गेली, कारण सीटचा मूळ रंग आणि आठ वर्षे ऊन खाल्लेला रंग एक नव्हता. काकांनी सावलीतल्या भागाशी न जुळवता शेजारच्या उन्हातल्या भागाशी जुळवला, आणि ते बरोबर होते. रंगपंचमीचा डाग पूर्ण गेला नाही. पृष्ठभागात मुरलेला रंग ओढून काढता येत नाही, त्याच्यावर रंग चढवावा लागतो, आणि तेवढ्यासाठी पूर्ण मागची सीट रंगवण्यात अर्थ नाही असे त्यांनीच सांगितले. वाईट बातमी पैसे घेण्यापूर्वी सांगणे हा गुण मला आवडला. सीटचे एकूण नऊ हजार झाले.

स्टेअरिंगसाठी मला अल्कान्तारा हवा होता. हे इटलीतील कंपनीचे नोंदलेले नाव असून, जपानच्या तोरे कंपनीतील मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये विकसित केलेले हे कापड सुमारे दोन तृतीयांश पॉलिएस्टर आणि उरलेले पॉलियुरेथेन असते. आपल्याकडे मात्र कोणत्याही मऊ लवीच्या कापडाला सर्रास हे नाव दिले जाते. काकांनी एका गिऱ्हाइकाचे वर्षभर वापरलेले स्टेअरिंग दाखवले: लव दबून तेलकट झाली होती आणि तिच्यावर गोळे धरले होते. ज्या शहरात एप्रिल ते जून तळहाताला घाम सुटतो आणि सकाळी पोह्यांवरची शेव हाताने खाऊन लोक थेट गाडी सुरू करतात, तेथे ही लव टिकेल कशी? मी साधे काळे चामडे, हाताच्या जागी बारीक भोकांचे, आणि करड्या दोऱ्याची हातशिवण निवडली. काम करताना बॅटरीची जोडणी सोडून काही मिनिटे थांबूनच त्यांनी एअरबॅग काढली आणि तिच्या तारांच्या पिवळ्या कपलरना (जोडण्यांना) हात लावला. मध्ये कोणी इग्निशन सुरू करू नये म्हणून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, कारण एअरबॅग सुटी असताना गाडी जागी झाली की दोषाची नोंद राहते आणि लाल दिवा स्कॅनर लावून मिटवावा लागतो. साडेआठ हजार रुपयांचे हे काम संपूर्ण खर्चातले सर्वांत समाधानाचे आहे. आठ महिन्यांनंतरही शिवण जराही हललेली नाही, आणि ज्या वस्तूला मी सर्वाधिक वेळ स्पर्श करते ती सर्वांत चांगली झाली आहे.

आता दिव्यांकडे येते, कारण मोह तेथेच झाला. माझ्या सी-क्लासमध्ये मुळात तीन रंगांचा सौम्य प्रकाश आहे: पिवळसर, पांढरा आणि निळसर. मर्सिडीजने २०१८ च्या सुधारित सी-क्लासमध्ये हे रंग चौसष्ट केले, आणि तेव्हापासून जुन्या गाड्यांना ते चौसष्ट रंग बसवून देणाऱ्या संचांचा बाजार फुलला आहे. माझा संच अडतीस हजारांचा होता. चारही दारांच्या पॅडमधल्या पट्ट्या, डॅशबोर्डची लांब रेघ, पायाजवळचे दिवे आणि एसीच्या गोल झरोक्यांतील उजळणारी कडी, असे सारे त्यात होते. मूळ तार एकही कापायची नाही, सर्व जोडणी कपलरनेच करायची, ही अट मी लेखी घेतली आणि ती पाळली गेली.

पहिल्या रात्री गाडी पाहून माझा मुलगा म्हणाला, “आई, ही गाडी आहे की लग्नाचा हॉल?” त्याच्या बोलण्यात तथ्य होते. पूर्ण तेजावर निळा किंवा जांभळा रंग ठेवला तर दारावरच्या पट्टीचे प्रतिबिंब बाजूच्या काचेत नेमके आरशाच्या वर पडते आणि मागून येणारी दुचाकी दिसायला क्षणभर उशीर होतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यातील पेशी निळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक आणि लाल प्रकाशाला सर्वांत कमी प्रतिसाद देतात. बीएमडब्ल्यूने कित्येक वर्षे आपले डॅशबोर्ड नारिंगी-तांबड्या प्रकाशाचे ठेवले होते त्यामागचा विचार असा ताडून पाहता येतो. सध्या मी चौसष्टपैकी एकच फिकट अंबर रंग वापरते, तोही सर्वांत कमी तेजावर. म्हणजे अडतीस हजार खर्चून मी जवळजवळ मूळ तीनपैकी पहिल्या रंगापाशी परत आले आहे, हे कबूल केले पाहिजे. झरोक्यांच्या कड्या मात्र खरोखर सुंदर दिसतात.

या संचानेच एक घोटाळाही केला. महिनाभराने आम्ही लग्नासाठी आठ दिवस पुण्याला गेलो, आणि परत आलो तेव्हा गाडी दारे उघडण्यापुरतीही जागी झाली नाही. बंद गाडीने झोपेत साधारण पन्नास मिलिअँपिअरपेक्षा अधिक वीज खाऊ नये असा आडाखा असतो. कार्यशाळेने मीटर लावला तेव्हा तीनशेच्या जवळपास आकडा आला. तीनशे मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सात अँपिअर-तासांहून अधिक, आणि सत्तर अँपिअर-तासांच्या बॅटरीतून आठ दिवसांत ऐंशी टक्क्यांहून अधिक गेले. संचाच्या नियंत्रकाला नेहमी चालू असणाऱ्या फ्यूजवरून वीज दिली होती. ती इग्निशनबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर घेताच प्रश्न मिटला. त्यांनी चूक मान्य केली, पैसे मागितले नाहीत, बॅटरी चार्ज करून दिली. पण विजेचे काम करणारा मुलगा वेगळा होता, आणि काकांच्या हाताखालची शिस्त त्याच्याकडे नव्हती हे मला दिसले. गाडी ताब्यात घेताना झोपेतील वीजखपत मीटरवर मोजून दाखवा, असे मी आता आधीच सांगेन.

छतावर तारांगण बसवण्याचा प्रस्तावही आला होता. रोल्स-रॉईसच्या छतात शेकडो भोके हाताने पाडून प्रकाशतंतू ओवतात आणि ते काम कारखान्यात होते. माझ्या गाडीत त्यासाठी पूर्ण छताचे अस्तर उतरवावे लागले असते आणि त्याच्या कडेने पडद्यासारख्या एअरबॅग आहेत. मी नको म्हटले, आणि काकांनीही आग्रह केला नाही.

तसे पाहिले तर गाडी आपल्या मनाजोगी घडवून घेण्याची हौस इंदूरला नवीन नाही. १९३० च्या दशकात महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी अमेरिकन ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चासीवर (सांगाड्यावर) लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने केशरी-काळ्या रंगाची बांधणी केली होती. तेव्हा चासी एकाची आणि अंग दुसऱ्याचे, हीच रीत होती. मोटार अपुरीच येई आणि कारागीर ती पुरी करी. आजची गाडी आपले सगळे सुटे भाग ओळखणारी, पूर्ण बंद पेटी होऊन येते, आणि म्हणून बाहेरच्या माणसाने ती उघडणे हे जिकिरीचे झाले आहे.

कागदोपत्री बाबींचे थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ रचनेपेक्षा वेगळे होतील अशा बदलांना मनाई करते. सीटचा रंग, कन्सोलचे आवरण किंवा आतले दिवे त्या प्रमाणपत्रात येत नाहीत. विम्याचे मात्र पाहावे लागते. उत्पादकाच्या किमतीत नसलेली विजेची जोडउपकरणे ‘आयएमटी २४’ या जोडकलमाखाली मूल्याच्या चार टक्के जादा हप्ता भरून संरक्षित करता येतात, म्हणजे माझ्या अडतीस हजारांवर १,५२० रुपये अधिक कर. कार्यशाळेने यासाठी दिव्यांचे बिल वेगळे करून दिले. हे त्यांनी न मागता केले.

या कार्यशाळेतले एकूण काम ६६,५०० रुपयांचे झाले आणि अठरा टक्के जीएसटी धरून ७८,४७०. त्यात पुन्हा निवड करायची असती तर मी स्टेअरिंग, सीट आणि कन्सोल यांचे २८,५०० आनंदाने दिले असते आणि दिव्यांपैकी फक्त झरोक्यांच्या कड्या घेतल्या असत्या. वेळेच्या बाबतीत कार्यशाळेने सांगितलेल्या सहा दिवसांचे अकरा झाले, त्यातले दोन रंग वाळण्यात आणि तीन कारणाशिवाय गेले. फोन करावा लागला, त्यांच्याकडून आला नाही.

काम झाल्यावर मी गाडी मुद्दाम खंडवा रस्त्याने सिमरोलच्या पुढे भेरूघाटापर्यंत नेली, कारण त्या वळणांवर आणि ट्रकांनी घासलेल्या रस्त्यावर पॅडचा खरा कस लागतो. पुढची दारे गप्प राहिली. मागच्या डाव्या दारातून साठच्या वेगाला एक बारीक कुरकुर येते, जी शहरात एसीच्या आवाजात बुडून जाते. काकांनी एकदा ते पॅड उघडून फोमची पट्टी लावली. आवाज निम्मा झाला, गेला नाही. अंतिम बिलातले दोन हजार रुपये मी त्यासाठी मागे ठेवले आहेत, त्यांना ते मान्य आहे, आणि दसऱ्यानंतरची तारीख ठरली आहे.